हौदाच्या डावीकडची मोकळी जागा

शाळेच्या नाटकाच्या पडद्यावरची एक बाई मी पुसली होती. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सहकाऱ्यांना नाही, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर नाहीच. आणि ज्या मुलीनं ती बाई रंगवली होती, तिला मी भलतंच काही सांगितलं. मी चित्रकलेचा शिक्षक. पुसायचं कसं, हे मला चांगलं येतं. ओला स्पंज, मग कोरडं फडकं, मग मागच्या भिंतीच्या रंगाचा एक हात. वाळल्यावर तिथं कधी कुणी उभं होतं, हे सांगूनही पटू नये.

डिसेंबर आला की हे सगळं वर येतं. पुण्यातली थंडी तशी सौम्य, पण सकाळच्या शाळेत मुलांच्या तोंडून वाफ निघायला लागली की समजावं, गॅदरिंग आलं. सभागृहातली बाकं भिंतीला लागतात. एकच गाणं दिवसभर वाजत राहतं आणि तेही नेमकं त्याच कडव्यापाशी अडतं. गणिताच्या तासाला वर्ग निम्मा रिकामा असतो आणि गणिताच्या बाई ‘तुमचे कलाकार’ असं म्हणून माझ्याकडे बघतात. स्वेटरच्या बाह्यांना रंग लागतो, तो पुढच्या थंडीपर्यंत जात नाही. आणि माझ्या वर्गामागच्या पडवीत स्टोव्हवर सरस वितळत असतो.

सरस म्हणजे हाडांचा गोंद. आदल्या दिवशी भिजत घालायचा, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून मंद आचेवर पातळ करायचा, आणि त्यात रंगाची भुकटी कालवायची. वास असा, की नवी मुलं पहिल्या दिवशी डबा खाणार नाहीत. बाजारात तयार रंग मिळतात, पण दिव्यांखाली ते चमकतात. पडद्यावरची भिंत भिंतीसारखी न दिसता धुतलेल्या ताटासारखी दिसते. म्हणून मी अजून सरसच वापरतो. त्याचं माप मात्र नेमकं लागतं. कमी पडला तर वाळल्यावर रंगाची भुकटी होऊन गळते. जास्त झाला तर कापड पत्र्यासारखं ताठ होतं आणि पडदा गुंडाळला की तडे जातात.

यंदा आठवीतली स्वरा डबा ढवळत होती. ढवळता ढवळता तिनं मूठभर सरस आणखी टाकला.

“अगं, बास,” मी म्हटलं.

“नको सर, डबल टाकते. कमी पडला तर प्रज्ञाताईसारखं व्हायचं.”

“कोण प्रज्ञाताई?” मी विचारलं. मला ठाऊक असताना विचारलं.

“अहो सर, तुमच्याच वेळची! तिनं सरस कमी घातला आणि तिची अख्खी बाई पडद्यावरून गळून पडली. सीनियर्स पहिल्या दिवशी हेच सांगतात. डबल सरस, नाहीतर प्रज्ञा होईल.”

बाकीची मुलं हसली. स्वरा जन्मली असेल नसेल, तेव्हाची गोष्ट. तिनं प्रज्ञाला कधी पाहिलेलं नाही. पण एका पिढीनं दुसरीला सांगत सांगत माझं खोटं आमच्या शाळेची रीत होऊन बसलंय. गेली कित्येक वर्षं आमचे पडदे तडकतात. मुलं सरस जास्त घालतात, आणि मी बघत राहतो.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्या वर्षी इतिहासाच्या नाटकाचा विषय होता शहरात पाणी कसं आलं. पेशवाईत कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी आणून पेठांमधल्या हौदांत सोडलं, त्याची गोष्ट. नाटक मुलांनीच लिहायचं आणि पडदाही मुलांनीच, असं मी उत्साहानं जाहीर करून टाकलं होतं. एरवी मी उत्साही माणूस नाही. पण त्या नववीच्या तुकडीत काहीतरी होतं. ती मुलं पुस्तकातलं चित्र बघून समाधान मानत नसत. ‘हे कुणी काढलं? त्यानं पाहिलं होतं का?’ असं विचारत.

आम्ही जुने हौद शोधत फिरलो. एकाच्या भोवती दुचाक्या लावलेल्या होत्या. एकावर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर वडापावची गाडी. नारायण पेठेतल्या एका गल्लीत ओढणीला गाठी मारून मुलं हौदाची लांबी मोजत होती, तेव्हा वरच्या खिडकीतून एक गृहस्थ म्हणाले, “काय मोजताय? विकत घ्यायचाय?”

ओंकार आमचा सूत्रधार, जिभेनं तिखट. तो म्हणाला, “नाही काका, नाटकात न्यायचाय.”

“न्या. परत आणू नका.”

त्या फिरण्याचं ऊन मला अजून आठवतं. कोवळं, तिरपं, दगडाच्या पायऱ्यांवर साय धरल्यासारखं. मुलं पेरू खात होती, तिखट-मीठ बोटांना लागलेलं, त्याच बोटांनी दगडाचे सांधे चाचपत होती. मी चाळिशीचा होतो, जन्म याच पेठेत गेलेला, आणि त्या हौदाला मी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. मुलांनी लावला म्हणून लावला. एवढ्यासाठीही मी त्यांचा ऋणी आहे.

प्रज्ञा त्यातली सगळ्यात कमी बोलणारी. शहराबाहेरच्या मांजरी गावाहून यायची, आई शहरात सरकारी नोकरीला, तिच्याबरोबर सकाळच्या बसनं. हात मोठा सरळ होता तिचा. पडद्याचा कच्चा आराखडा झाला, त्यात कुणीतरी हौदावर लालभडक गुलमोहर काढला होता. प्रज्ञा म्हणाली, “सर, हे झाड तेव्हा नव्हतं आपल्याकडे. नंतर आलंय.” शोधलं, तर खरंच. ज्यानं काढला होता तो हळहळला, “अगं, पण किती छान दिसतोय!” प्रज्ञा म्हणाली, “छान आहेच. पण खोटा आहे ना.” आम्ही गुलमोहर खोडला. मी वर्गाला सांगितलं, इतिहासाचं चित्र असंच काढायचं असतं.

माहिती गोळा करायला मुलं आमच्या घरीही आली. अण्णा तेव्हा पंचाहत्तरीचे. टपाल खात्यातून निवृत्त, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून रस्त्यावर लक्ष ठेवणं हा उद्योग. मुलं जमिनीवर बसली, बायकोनं पोहे दिले.

“काय हवंय? खरं, की नाटकातलं?” अण्णांनी सुरुवात केली.

“दोन्ही, आजोबा,” ओंकार म्हणाला.

“दोन्ही एका ताटात मिळत नाही.”

पण मग रंगले. घरात नळ आला तरी त्यांची आई प्यायला हौदाचंच पाणी कसं आणायची, उन्हाळ्यात दात ठणकतील असं ते गार कसं असायचं, हे सगळं. मी लहानपणापासून ऐकलेलं. हौदाचं पाणी आमच्या घरात जवळजवळ देवघरातली वस्तू. जुने फोटोही काढून दिले त्यांनी मुलांना.

प्रज्ञानं विचारलं, “आजोबा, पाणी सगळ्यांना मिळायचं का?”

“सगळ्यांना,” अण्णा म्हणाले. “पुण्यानं पाण्याला कुणाला नाही म्हटलं नाही.”

तिनं मान हलवली. वहीत लिहून घेतलं. ओंकारला मात्र ते वाक्य इतकं आवडलं, की त्यानं ते नाटकाच्या शेवटी सूत्रधाराच्या तोंडी घालून टाकलं.

दोन-चार दिवसांनी प्रज्ञानं चित्रकलेच्या वर्गात मोबाइलवर आजीचा आवाज ऐकवला. आजीची आई पेठांमध्ये झाडलोटीला यायची. आवाज खरखरीत, मधेच कोंबड्यांचा कलकलाट. “माझ्या आयनं हौदाला कधी हात लावला न्हाई बग. लांब हुबी ऱ्हायाची. कुनी वतलं तर घ्यायचं. न्हाई वतलं तर घरी. काय करतीस?” मागून प्रज्ञाचा आवाज, “किती वेळ उभी राहायची?” आणि आजी हसली, “तिला काय घड्याळ व्हतं का?”

प्रज्ञानं मोबाइल बाकावर ठेवला. प्रज्ञा म्हणाली, “सर, आजीच्या आईच्या वेळी असं होतं, तर त्याच्याही आधी वेगळं कसं असेल? मला ती पडद्यावर काढायचीय. डावीकडे. लांब.”

ओंकार म्हणाला, “अगं, पण नाटकात तिला एकही डायलॉग नाहीये.”

“तिला नव्हताच,” प्रज्ञा म्हणाली.

मी ‘काढ’ म्हटलं. मनापासून म्हटलं, हे मी आज स्वतःच्या बाजूनं नोंदवत नाहीये, उलट. मला पटलेलं होतं. पटलेलं असून मी पुढचं केलं.

मांजरपाटावर अस्तर चढलं, कोळशानं रेघा पडल्या, रंग भरायला सुरुवात झाली. हौदावर बायका, पखालवाला, पायरीवर पाय धुणारा एक पगडीधारी. आणि डावीकडे, भिंतीच्या सावलीत, ती बाई. पहिल्या आराखड्यात घडा तिच्या कमरेवर होता. नंतर प्रज्ञानं तो बदलला: घडा जमिनीवर, बाई त्याच्यापासून एक पाऊल मागे, हात रिकामे. किती फरक पडला त्यानं! मला वाटलं, ही या मुलीची चित्रकाराची नजर. लुगड्याचा विटकरी रंग तिनं एकटीनं कालवला, सरस मापून, डब्याशी उकिडवी बसून. चेहरा पाण्याकडे वळवलेला. सगळ्या पडद्यावर तो एकच चेहरा असा होता, की तुम्ही त्याच्या मागोमाग बघायला लागता.

मुख्याध्यापिका बाई येऊन गेल्या. “कपड्यांच्या घड्या बऱ्या आल्यात,” म्हणाल्या. आमच्या बाईंच्या तोंडून ‘बऱ्या’ म्हणजे पदकच. म्हणजे मला कुणी काही म्हटलं नव्हतं. कुणी दटावलं नव्हतं, कुणाचा फोन नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण इतकी वर्षं मनातल्या मनात मी एखादा दटावणारा शोधत आलो, आणि तो सापडला नाही.

झालं होतं असं, की नाटकाला मदत केल्याबद्दल अण्णांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. पहिल्या रांगेत मधोमध त्यांची खुर्ची. शेवटी ओंकार म्हणणार, पुण्यानं पाण्याला कुणाला नाही म्हटलं नाही. आणि त्याच्या मागे पडद्यावर ती बाई उभी. लोक आधी तिच्याकडे बघतील, मग अण्णांकडे. चारचौघांत माझे वडील खोटे पडतील. ते वाक्य काढून टाकता आलं असतं. मला ते सुचलंच नाही. वडिलांचं वाक्य पुसण्यापेक्षा त्या मुलीची बाई पुसणं मला सोपं वाटलं, आणि ते सोपं का वाटलं, याचं उत्तर मला माहीत आहे. ते लिहायला फार शब्द लागत नाहीत.

रविवारी दुपारी शाळेत गेलो. सभागृहात उन्हाचे पट्टे पडले होते, कबुतरं घुमत होती. सरसाचा रंग पाण्यानं सहज सुटतो. विटकरी पाणी बादलीत गेलं.

सोमवारी प्रज्ञा पडद्यासमोर उभी राहिली. “सर, बाई?”

“गळली गं. सरस कमी पडला तुझ्या रंगात. गुंडाळताना भुकटी झाली.”

“पण मी मापून...”

“होतं असं पहिल्यांदा. मी दुरुस्त करून टाकलंय.”

ओंकार म्हणाला, “मग परत काढू की!”

“आता वेळ नाही,” मी म्हणालो. वेळ होता.

प्रज्ञानं आपल्या हातांकडे पाहिलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या. मग म्हणाली, “थँक्यू सर. माझ्यामुळे तुमचा रविवार गेला.”

नाटक छान झालं. शेवटी मात्र ओंकार ते वाक्य म्हणालाच नाही. पुढे आला, प्रेक्षकांकडे बघत क्षणभर उभा राहिला आणि नमस्कार करून आत गेला. विसरला, असं वाटून मी विंगेत कपाळाला हात लावला.

परतताना रिक्षात अण्णा शाल मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “ती बाई कुठे गेली?”

“कोणती?”

“डावीकडची. घडा खाली ठेवलेली. मीच सांगितलं होतं त्या पोरीला, घडा कमरेवर नको, खाली काढ.”

मला काही कळेना. मग अण्णांनी सांगितलं. मी वाघोलीच्या एका कॉलेजात कार्यशाळेला गेलो होतो, त्या दुपारी प्रज्ञा आणि ओंकार फोटो परत द्यायला घरी आले होते. अण्णांनी त्यांना बसवून घेतलं. म्हणाले, परवा मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. “आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई यायची. घडा जमिनीवर ठेवून मागे सरकायची. माझी आई वरून पाणी ओतायची, घड्याला भांडं लागू न देता. मला वाटायचं, आपली आई किती चांगली. त्या मुलीनं विचारेपर्यंत मला तेवढंच वाटत होतं.” मग म्हणाले, “ओंकारला म्हटलं, ते माझं वाक्य काढ. आणि हिला म्हटलं, बाई ठेव. मी बघायला येतो.”

ती प्रज्ञाचीच पणजी असेल का? नसावी. अशा पुष्कळ जणी असणार.

मी म्हणालो, “अण्णा, रंग गळला. सरस कमी पडला.”

अण्णा बाहेर बघत होते. लक्ष्मी रस्त्यावर दुकानांचे दिवे होते. “नेमका तिथंच?” ते म्हणाले.

पुढे त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. काही वर्षांनी ते गेले. त्यांना सांगायची संधी मला रोज होती, सकाळच्या चहाला, संध्याकाळच्या औषधाला. रोज होती म्हणूनच गेली.

तरीही, ही थंडी आली की पहिली जी गोष्ट मनात दाटते ती खंत नसते. विचित्र वाटेल, पण ती कृतज्ञता असते. आपल्या बापाचं मन पंचाहत्तराव्या वर्षी हललेलं बघायला मिळणं, हे किती मुलांच्या वाट्याला येतं? अण्णा माझ्याशी हवामान आणि पेन्शन यापलीकडे बोलत नसत. त्यांच्या आत एक गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला लहान मुलगा होता, तो मला एका नववीतल्या मुलीच्या एका प्रश्नामुळे दिसला. आणि माझी आजी दिसली. चांगली बाई, हात उंच धरून पाणी ओतणारी. त्या हाताची उंची मी आता रोज बघतो. गुलमोहर खोटा म्हणून खोडणारी ती पोरं, उन्हात दगड चाचपणारी ती बोटं, कोंबड्यांच्या कलकलाटात हसणारी ती आजी, जिला मी कधी भेटलो नाही. सगळ्यांनी मला काहीतरी दिलं. तीस वर्षं शिकवतोय. शिकलो असेन तर त्या एका मोसमात.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात प्रज्ञा आली होती. इमारतींचे नकाशे तपासण्याची नोकरी करते. वाकून नमस्कार करायला लागली, मी मागे सरकलो.

“सर, ऑफिसात मला सगळे टरकून असतात,” ती हसत म्हणाली. “प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते मी. तुमची कृपा. तो सरस आठवतो ना?”

“चित्रं काढतेस की नाही?”

“छे हो! तेव्हाच कळलं ना सर, माझे रंग काही टिकत नाहीत. मग सोडून दिलं.”

ती हसली. मीही हसलो. तिच्याबरोबर हसलो, हे मला त्या रविवारच्या दुपारपेक्षा जड जातं.

पुसणं एका दुपारचं होतं. पण त्यानंतर तिनं हातात ब्रश घेतला नाही, ते सगळे डिसेंबर माझ्याकडे जमा आहेत. आणि शाळेत तिचं नाव चुकीचं उदाहरण म्हणून घेतलं जातं, माझ्या वर्गात, माझ्या देखत. परवा स्वराचा तो डबा मी स्टोव्हवरून उतरवला, तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “मापात घाला रे,” आणि हात धुवायला गेलो.

प्रज्ञाच्या रंगात सरस बरोबर होता. हे तिला समोर बसवून सांगायचं राहिलं आहे, आणि त्यानंतर, ती हो म्हणाली तर, स्वराच्या वर्गासमोर तिचं नाव घेऊन सांगायचं राहिलं आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी अजून फोन केलेला नाही.